वाररेषेवरचा शनिवार

लॉस एंजेलिसहून शुक्रवारी रात्री दहाच्या सुमारास सुटलेलं विमान ऑकलंडला टेकतं, तेव्हा तिथे रविवारची सकाळ होत असते. अंतर सुमारे १०,५०० किलोमीटर, प्रवास तेराएक तासांचा. मधल्या शनिवारचे काही अंधारे तास प्रवाशाच्या वाट्याला येतात. मग पॅसिफिकवर आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते आणि खिडकीतून उजाडताना दिसतो तो रविवार.

शनिवारी मारुतीचा उपास धरणाऱ्याने मग काय करायचं? वार चुकला की व्रत मोडलं?

हा प्रश्न आजचा नाही. लिथुआनियातून जपानी वाणिज्यदूत सुगिहारा यांच्या व्हिसावर निसटलेले ज्यू धर्मपाठशाळांचे विद्यार्थी १९४१मध्ये जपानात पोचले आणि योम किप्पुरचा कडक उपास नेमका कधी, याचा पेच पडला. जेरुसलेमला तारा गेल्या. तिथल्या धर्मपंडितांच्या सभेने जपानचा बुधवारच धरायला सांगितलं. ‘हझोन ईश’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रब्बी कारेलिट्झ यांनी मात्र कळवलं, की बुधवारी जेवा आणि गुरुवारी उपास करा. त्यांच्या गणिताने धर्माची वाररेषा जपानच्या पश्चिमेला होती! जीव मुठीत धरून पळालेल्या माणसांना दिवस अचूक पाळण्याची एवढी तळमळ असावी, हे पाहून मन भरून येतं.

सामोआत तर माणसं जागच्या जागी राहिली आणि रेषाच हलली. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यापार सोयीचा व्हावा म्हणून सरकारने २०११ सालचा ३० डिसेंबर गाळला. गुरुवारी रात्री झोपलेला देश शनिवारी उठला. शनिवार हाच देवाचा दिवस मानणाऱ्या सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट चर्चने सात दिवसांची जुनी मोजणी सोडली नाही, आणि त्यामुळे त्यांची उपासना नव्या कॅलेंडरातल्या रविवारी होऊ लागली. काही अनुयायांना हे पटलं नाही. ते नव्या शनिवारीच जमू लागले. श्रद्धा एकच, दिवस दोन. दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत. पण सरकारी आदेशाने सहावा दिवस सातवा होत नाही, हे चर्चचं म्हणणं अधिक सुसंगत वाटतं.

वाराचा नाही, तरी तिथीच्या अशाच कोड्याचा आपल्या पंचांगाने बराच विचार केलेला आहे. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. तो क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच. पण दिवसाची तिथी ठरते ती सर्वसाधारणपणे त्या-त्या गावच्या सूर्योदयावरून. म्हणूनच पुण्याची एकादशी आणि सॅन फ्रान्सिस्कोची एकादशी कधी कधी वेगवेगळ्या तारखांना येते, आणि दोन्ही बरोबर असतात. आकाश सगळ्यांचं, सूर्योदय मात्र ज्याचा त्याचा.

तेव्हा परदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरांनी भारतातल्या कॅलेंडरवरची तारीख तशीच उचलू नये. आपल्या शहराच्या सूर्योदयावर बेतलेलं पंचांग पाहावं आणि त्यानुसार तिथीचा उपास धरावा.