पहिल्या पेपरला हवा विचारणारा माणूस

साखर कारखान्यांत, धरणांच्या कामांवर, सहकारी बँकांच्या संगणक विभागांत रोज जे शहाणपण वापरलं जातं, त्यातलं फार थोडं कागदावर उतरतं. काम ज्यांच्या हाती असतं त्यांना लिहायची सवय नसते. व्यावसायिक परिषदा असतात त्या अशा माणसांना बोलतं करण्यासाठी. पुण्यातली डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशन १९३६ पासून साखर तंत्रज्ञांना एकत्र आणते आहे. तिच्या अधिवेशनांत कारखान्यातली माणसं पेपर वाचतात. पण आयुष्यातला पहिला पेपर लिहायला बसलेल्या माणसाच्या पाठीशी बहुधा कोणीच नसतं.

एका सहकारी कारखान्यातल्या तरुण अभियंत्याचा मसुदा मध्यंतरी माझ्याकडे आला. सुरुवात भारतीय साखर उद्योगाच्या इतिहासाने. मग ऊर्जाबचतीचं महत्त्व, मग पाठ्यपुस्तकातली समीकरणं. मूळ गोष्ट पाचव्या पानावर एका वाक्यात आटोपलेली: रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या दुसऱ्या बॉडीत साचणारे वायू बाहेर काढणाऱ्या पाइपची जागा बदलली आणि वाफ वाचली. मी वाक्यं दुरुस्त केली नाहीत. फोन करून विचारलं, “दोष त्या पाइपमध्येच आहे, हे तुम्हाला कळलं कसं?”

“सर, सिरपचा ब्रिक्स (दाटपणा) घसरायला लागला होता. सगळे म्हणाले, ट्यूबवर थर बसलाय, बॉडी साफ करा. साफ केली, तरी दोन दिवसांत ब्रिक्स पुन्हा खाली. इतक्या लवकर थर बसतो कुठे? म्हटलं, वाफेच्याच बाजूला काहीतरी अडकतंय.”

पेपर होता तो हाच. न निघालेले वायू वाफ आणि ट्यूब यांच्या आड येतात आणि उष्णता रसापर्यंत नीट पोचत नाही, हे पुस्तकात असतंच. पण थर बसला काय किंवा वायू साचले काय, ब्रिक्स घसरतोच. मग चालू हंगामात दोन्हींतला फरक ओळखायचा कसा, हे त्याने शोधलं होतं. ते लिहिण्याजोगं आहे असं मात्र त्याला वाटलंच नव्हतं. दुसऱ्या कारखान्यात रात्रपाळीला उभ्या असलेल्या माणसाला नेमकं तेच हवं असतं.

सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात अशा मार्गदर्शनाची घडी बसवली गेली आहे. प्रोग्रॅमिंगमध्ये पुन्हापुन्हा उपयोगी पडणाऱ्या रचना टिपून ठेवण्यासाठी १९९४ मध्ये अमेरिकेत, इलिनॉयमधल्या अ‍ॅलर्टन इथे ‘प्लॉप’ ही परिषद सुरू झाली. तिथे मसुदा पाठवणाऱ्याला परिषदेच्या आधीच एक अनुभवी सोबती मिळतो. त्याला ‘शेफर्ड’ म्हणतात. नील हॅरिसन यांनी या सोबतीची रीत लिहून ठेवली आहे: साधारण तीन फेऱ्या व्हाव्यात, आधी गाभा तपासावा, बारीकसारीक दुरुस्त्या नंतर कराव्यात आणि पेपर शेवटपर्यंत लेखकाचाच राहावा. उत्तम शेफर्डला हॅरिसन यांच्याच नावाचा पुरस्कार दिला जातो. पुढे परिषदेत त्या मजकुरावर चर्चा होते. ही चर्चेची पद्धत प्रोग्रॅमर आणि कवी असलेल्या रिचर्ड गॅब्रिएल यांनी साहित्यिकांच्या कार्यशाळांतून तिथे आणली. वाचणारे आधी काय टिकवावं ते सांगतात, मग काय सुधारावं ते. तोवर लेखक गप्प बसून ऐकतो. त्याला मध्येच खुलासा करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. छापलेल्या पानाबरोबर खुलासा करायला लेखक जात नसतो.

आपल्याकडे पेपरची सक्ती आली, सोबत आली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी नियतकालिकात एक पेपर छापणं आणि परिषदांत दोन पेपर वाचणं बंधनकारक होतं. २०२२ मध्ये ती अट गेली. दरम्यान २०१८ मध्ये आयोगाला आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकावी लागली. लिहायला लावलं आणि शिकवलं नाही, की पैसे घेऊन छापणाऱ्यांचं फावतं. पेपरची संख्या वाढते, त्यात काम करणाऱ्याचा अनुभव मात्र सापडत नाही.

मार्गदर्शन करतानाही एक मोह टाळावा लागतो. कच्चा मसुदा समोर आला की अनुभवी माणसाचे हात शिवशिवतात. तासाभरात सगळं पुन्हा लिहून देता येतं. पेपर सुधारतो, लेखक होता तिथेच राहतो. त्यापेक्षा विचारावं: काय बिघडलं होतं? आधी काय करून पाहिलं? ते का फसलं? आकडा कुठे, कधी, कशाने मोजला? हा उपाय कुठे चालणार नाही? आणि पेपर इंग्रजीत जाणार असला, तरी ही उत्तरं आधी मराठीत मागावीत. फोनवर घडाघडा बोललेला अभियंता इंग्रजीत लिहायला बसला, की ‘असे निदर्शनास आले’ छापाच्या वाक्यांमागे दडतो.

परिषदा भरवणाऱ्यांना हे अवघड नाही. सारांश चार महिने आधी मागवा, पहिल्यांदा लिहिणाऱ्याला एक सोबती नेमून द्या आणि त्या सोबत्याचं नाव पेपरवर छापा, म्हणजे त्या कामालाही मान मिळेल. माणसं आपल्याकडे आहेतच. निवृत्त होणाऱ्या प्रत्येक चीफ इंजिनिअरने आणि चीफ केमिस्टने सत्काराच्या शाल-श्रीफळाबरोबर एका नवख्या लेखकाची जबाबदारीही मागून घ्यावी.