दिवसाला 85 रुपये

महाडच्या चवदार तळ्याच्या पायरीवर बसा. जमत नसेल तर मनाने बसा. खांदे सैल सोडा. थोडा वेळ नुसतं पाणी पाहा.

आता एक वाक्य मनात येऊ द्या. टपरीवर, एसटीत, कदाचित घरातही ते ऐकलं असेल: ‘अशाला जन्मभर कशाला पोसायचं? फाशी द्या, खर्च तरी वाचेल.’ या वाक्याशी भांडू नका. त्याच्या तळाशी बहुधा कुणाच्या तरी मरणाचा संताप असतो. त्याच्याजवळ क्षणभर थांबा.

मग हलकेच विचारा: खर्च खरंच वाचतो का?

याच तालुक्यात रायगडाचं टकमक टोक आहे. तिथून कडेलोट होई, असं सांगतात. एक धक्का, की संपलं. आपल्या कायद्याने मात्र मुद्दाम पायऱ्या ठेवल्या. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम करावी लागते. पुढे सर्वोच्च न्यायालय, फेरविचार, राज्यपाल, राष्ट्रपती. दर पायरीला वकील, न्यायाधीश, पहारा, आणि वर्षं. कॅलिफोर्नियाचा हिशेब 2011 मध्ये दोन अभ्यासकांनी मांडला: 1978 पासून सुमारे 4 अब्ज डॉलर खर्च, आणि प्रत्यक्ष मृत्युदंड 13 जणांना.

श्वास घ्या. सरकारची वही मिटा. पोलादपूरच्या डोंगरातल्या एका घराची उघडा. मुलगा येरवड्यात फाशीच्या छायेत आहे, असं समजा. आई मुलाखतीला निघते. घाट चढायचा, मजुरीचा खाडा पडायचा. तारखेला आधी माणगाव, मग मुंबई, मग दिल्ली. शेळ्या विकल्या जातात, डोरलं गहाण पडतं. तिने तर कुणाला मारलेलं नाही.

तिच्या शेजारी दुसरी आई बसवा, जिचं लेकरू मारलं गेलं. तारखा तिलाही चुकत नाहीत. दोघींकडे सावकाश पाहा.

आता नाशिकला या. 2003 मध्ये तिथे पाच जणांचा खून झाला. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2019 मध्ये त्याच न्यायालयाने त्या सहाही जणांना निर्दोष सोडलं, आणि राज्य सरकारने प्रत्येकाला 5 लाख रुपये द्यावेत, असं सांगितलं.

16 वर्षं. 5 लाख. भागून पाहा: दिवसाला सुमारे 85 रुपये.

हा आकडा मनात धरून बसा. घाई नको.

फेरविचाराची ती पायरी महाग म्हणून कापली असती, तर हे 85 रुपये कुणाच्या हातात ठेवले असते?

1927 मध्ये बाबासाहेब याच तळ्यावर पाण्याच्या हक्कासाठी आले होते. 3 जून 1949 रोजी संविधान सभेत त्यांनी सांगितलं, की फाशीविरुद्धच्या अपिलाची तरतूद करण्यापेक्षा फाशीच रद्द करणं त्यांना अधिक पसंत पडेल.

पुन्हा पाण्याकडे या. ती दुसरी आई अजून तिथेच आहे. तिला हवा होता खरा गुन्हेगार. नाशिकच्या खटल्यात जखमी साक्षीदार बाईने फोटोंवरून वेगळीच माणसं ओळखली होती. तो तपास तिथेच राहिला, आणि सगळी वर्षं, सगळा पैसा सहा निरपराधांना फासापर्यंत नेण्यात गेला.

उठताना तिच्याकडे एकदा पाहा.