अभावाची साक्ष

पानाच्या दोन्ही अंगांना काळ्या कागदाची पट्टी लावून कुंडी उन्हात ठेवायची, या शालेय प्रयोगाचे मला नेहमी नवल वाटते. झाडाला काय हवे ते कळावे म्हणून तेच त्याच्यापासून हिरावून घ्यायचे! आधी दोन दिवस अंधारकोठडी, म्हणजे पानांतले जुने पिष्ट खर्चून जावे आणि पुढे सापडेल ते आजच्या उन्हाचेच असावे. मग पान खुडून स्पिरिटमध्ये, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवले की हिरवा रंग उतरतो आणि जुन्या पोथीच्या कागदासारखे फिकट, ठिसूळ पान हाती राहते. त्यावर आयोडिन पडले की ऊन प्यालेला भाग निळाकाळा होतो, पट्टीखालचा पिवळटच राहतो; उजेडाची खूण काळोखाच्या रंगात उमटते.

कारण असता कार्य असणे हा अन्वय आणि नसता नसणे हा व्यतिरेक, असे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, म्हणजे नैयायिक, सांगतात; पट्टीखालचे पान हा व्यतिरेकच. वैशेषिकांच्या परंपरेने तर अभावालाच सातवा पदार्थ मानले. झाड कशाचे बनते हे शोधणाऱ्या ब्रुसेल्सच्या व्हॅन हेल्मोंटपाशी धीर अपार होता, व्यतिरेक मात्र नव्हता. 200 पौंड कोरडी माती, 5 पौंडांचे वाळुंजाचे रोप आणि पाच वर्षे पाणी. झाड 169 पौंडांचे झाले, माती जेमतेम दोन औंस घटली. सारे लाकूड पाण्याचेच, असे त्याने ठरवले. ज्याने विज्ञानाला ‘गॅस’ हा शब्द दिला, कोळसा जळताना सुटणारा वायू ओळखला, त्याला तोच वायू समोरच्या झाडात लाकूड होऊन उभा असल्याचा संशयही आला नाही. हवा कधी गैरहजरच नव्हती, मग तिची चौकशी कोण करणार? पुढे मोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने अर्धे पान, तोच कर्बवायू शोषून घेणाऱ्या कॉस्टिक पोटॅशच्या बाटलीत कोंडून ती गैरहजेरी घडवली. एकाच देठाचे पाणी, एकच ऊन, तरी कर्बवायूवाचून आतला अर्धा भाग उपाशी.

प्रकाशाचे कोडे याहून विलक्षण, कारण तो तर रोज सांजवेळी जातोच. निसर्ग दर रात्री व्यतिरेक करून दाखवत असताना, 1771 मध्ये पुदिन्याच्या डहाळीने मेणबत्तीने बिघडलेली हवा सुधारणाऱ्या प्रीस्टलीने उन्हाचा हिशेब धरला नाही. पुढे त्याचे निष्कर्ष कधी जुळत, कधी फिसकटत. 1779 च्या उन्हाळ्यात इंगेनहाउस पाण्यात बुडवलेल्या पानांवरचे बुडबुडे न्याहाळत बसला आणि त्याने अंधारालाही प्रश्न विचारला. हिरवे पान उन्हात हवा शुद्ध करते. सावलीत आणि रात्री तेच ती बिघडवते. झाडांच्या उपकारांचे गोडवे गाणाऱ्या त्या काळात त्याने ही दुसरी बाजू तळटीपेत ढकलली नाही, ग्रंथाच्या लांबलचक नावातच छापून टाकली.