सदर धूर

राहाता तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आणि दक्षिणेला प्रवरा. नाशिककडं पाऊस कोसळला आणि नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून पाणी सुटलं की पुणतांब्याच्या पट्ट्यात माणसांची झोप उडते. 2019च्या ऑगस्टमध्ये ते पाणी कोपरगावात शिरलं होतं. पुढची गोष्ट मात्र रचलेली आहे. नदी, वारा आणि सरकारी भाषा एवढं त्यात खरं.

नदीकाठी दोन गावं होती, वरचं आणि खालचं. वरचं पश्चिमेला, खालचं पूर्वेला, मध्ये एक ओढा. तीच शीव. पूर ओसरला आणि वरच्या गावात तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक पंचनाम्याला फिरले. पडलेल्या भिंती, वाहून गेलेल्या शेळ्या, झोपलेला ऊस, खरडलेली जमीन, ज्याचा त्याचा रकाना होता. लिहिणं चोख झालं. मग गावात राहिला तो ज्याला रकाना नव्हता तो ऐवज: भिजून कुजलेल्या गाद्या, मल्चिंगचे कागद, ठिबकच्या नळ्या, खताच्या गोण्या, टायरं, थर्माकोल, कुणाच्या तरी बोअरची केबल.

"शिवेवर टाका," सरपंच म्हणाले. ट्रॅक्टरच्या खेपा ओढ्याकाठी रिकाम्या झाल्या. चार दिवस ऊन पडलं आणि कुणीतरी काडी लावली. कुणी, हे गावात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी विचारलं नाही. सरपंचांनी बोट ओलं करून वर धरलं. वारा पश्चिमेचा, पावसाळी. धूर ओढा ओलांडून सरळ खालच्या गावात चालला होता.

"झालं की मग," ते म्हणाले.

ढीग वरून कोरडा आणि आत ओला, त्यामुळं तो भडकला नाही, आठवडेच्या आठवडे धुमसत राहिला. असा धूर उघड्या जाळापेक्षा वाईट, कारण त्यात अर्धवट जळालेलं सगळं हवेत येतं. त्यात रस्त्यावरचा गाळ वाळला, ट्रॅक्टरच्या चाकांखाली दळला गेला आणि पिठासारखा उडू लागला. खालच्या गावात लहान पोरं रात्रभर खोकू लागली. तिथल्या सरपंचबाईंनी पत्र लिहिलं. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर 2016मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर 25,000 रुपये दंड सांगितला आहे, हेही त्यात होतं.

वरच्या गावचे ग्रामसेवक भाऊसाहेब लेखणीचे बहाद्दर. त्यांनी उत्तर धाडलं: "आपल्या पत्रात नमूद केलेला धूर आपल्या हद्दीत आढळून आलेला असल्याने, सदर धुराबाबत कार्यवाही करणे ही आपल्या ग्रामपंचायतीच्या अखत्यारीतील बाब आहे." मासिक सभेत ते पत्र दोनदा वाचलं गेलं. दुसऱ्यांदा, हसू यावं म्हणून.

इथं एक आठवण काढायला हवी. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला तो जानेवारी 2019मध्ये. सांगली आणि कोल्हापूर त्याच्या यादीत आहेत, आणि त्याच ऑगस्टमध्ये दोन्ही शहरं पुरात बुडाली. पण शहराचं नाव निदान यादीत तरी येतं. गावाची हवा बघायची ती गावानंच, आणि गाव बघणार ते बोट ओलं करून.

ऑक्टोबर लागला. पाऊस परतला आणि आपल्याकडं दरवर्षी होतं तेच झालं: वारा फिरला. पूर्वेकडून येऊ लागला. ढीग अजून धुमसतच होता.

तिसऱ्या दिवशी सरपंचांच्या नातवाला दम लागला. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याला वाफ देत असताना बाकड्यावर अर्धं गाव बसलेलं. भाऊसाहेबांनी तातडीनं खालच्या गावाला लिहिलं की आपल्या दिशेकडून धूर येत आहे, उचित कार्यवाही व्हावी. उत्तर संध्याकाळीच आलं. पाकिटात त्यांचंच जुनं पत्र होतं, अक्षर न बदलता. फक्त जावक क्रमांक नवा होता.

या वेळी सभेत कुणी हसलं नाही. मागं बसलेल्या एक आजी उठल्या. "शिर्डी आपल्याच तालुक्यातली ना रे? पटकीच्या साथीत बाबांनी जात्यावर गहू दळला आणि पीठ शिवेवर टाकायला लावलं, असं आमची आई सांगायची. कशाला? तर रोग आत येऊ नये म्हणून. आन् तुम्ही काय केलं? रोगच नेऊन शिवेवर मांडला."

"आजी, तेव्हा वारा तिकडं होता," एक पोरगं बोललं.

"तिकडं काय माणसं नव्हती?"

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर जेसीबी आला. डिझेल वरच्या गावाचं, पाण्याचा टँकर खालच्या गावाचा. सरपंचबाई स्वतः पदर नाकाला लावून उभ्या होत्या आणि वरचे सरपंच त्यांच्याकडं न बघता हात करून ड्रायव्हरला दिशा दाखवत होते. ढीग फोडला, पाणी मारलं, ओला गाळ वर पसरला. नळ्या आणि प्लास्टिक वेगळं निघालं, भंगारवाल्यानं नेलं. टायरांचं काय करायचं यावर दोन्ही गावं दुपारपर्यंत भांडली.

पुढच्या वर्षी ओढ्याला पुन्हा पाणी आलं. भाऊसाहेबांनी पंचनाम्याच्या कोऱ्या कागदावर पट्टी धरून शेवटी एक रकाना आखला: कचरा कुठं टाकला, कुणी पेटवला, वारा कुठला, पलीकडं कोण राहतं. वरून शेरा आला, "सदर रकाना विहित नमुन्यात नाही." भाऊसाहेबांनी तो कागद फायलीला लावला आणि एक प्रत, न मागता, खालच्या गावाला पाठवली.