वादळाची वाट पाहताना देवाजवळ काय मागावे?



वारकरी बंधुभगिनींनो, संकट कोसळले म्हणजे देव कोणालाही आठवतो. त्यात नवल नाही. पण संकट अजून दारात आलेले नाही, ते येणार हे मात्र नक्की, आणि हाती चार घटका उरल्या आहेत, अशा वेळी माणूस देवाजवळ काय मागतो, त्यावरून त्याच्या भक्तीची पारख होते. आज त्याचाच थोडा विचार करू.

सन २०२० चे 'निसर्ग' चक्रीवादळ पुष्कळांना आठवत असेल. त्या वर्षी ज्येष्ठातली निर्जला एकादशी २ जूनला आली होती. साथीचे दिवस होते. आषाढीची पायी वारी निघणार नाही हे नुकतेच ठरले होते, त्यामुळे मने आधीच खचलेली. त्याच एकादशीला अरबी समुद्रात चक्रीवादळ उठले. समुद्राचे पाणी तापते, वाफ वर चढते, खाली पडलेल्या पोकळीकडे चहूकडून हवा धाव घेते आणि पृथ्वीच्या फिरण्याने तिला गरगर गती मिळते. पाण्यावर असेतो हे चक्र बळ धरते, जमिनीवर चढले की मोडू लागते. उद्या दुपारी ते अलिबागच्या आसपास किनाऱ्याला लागेल, असे हवामान खात्याने सांगून ठेवले होते.

एकादशीला जागावे हा आपला नेम. त्या रात्री ज्यांनी जन्मात एकादशी धरली नाही तेही जागे होते! पण जागणे वेगळे आणि जागर वेगळा. नुसते जागणारा घड्याळ पाहतो, कौले मोजतो आणि मनात म्हणतो, "देवा, हे वादळ इकडे नको रे, दुसरीकडे कुठेही जाऊ दे." आपण सारी प्रपंचातली माणसे. असे मागणे कोणाच्या ओठांवर येत नाही?

दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ अलिबागच्या दक्षिणेस, श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक. मुंबई बरीचशी बचावली. लगेच लोक म्हणू लागले, "मुंबईवर देवाची कृपा झाली!"

बरे, मग श्रीवर्धनवर काय झाले? ज्या रोठा सुपारीने त्या गावाचे नाव सगळीकडे नेले, तिच्या पोफळी काडीसारख्या मोडून पडल्या. मुरुड, दिवेआगरच्या नारळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली, कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पोफळ लावली की फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. आजोबाने लावलेली बाग नातवाच्या डोळ्यांदेखत दोन तासांत गेली. त्या गावांतही माळकरी आहेत, तिथेही हरिपाठ होतो. मुंबईवर कृपा म्हणावी, तर यांच्यावर काय कोप झाला? छे! असे बोलणे म्हणजे विठोबाला आपल्या आळीचा रखवालदार करणे आहे. वादळ वाऱ्याच्या आणि पाण्याच्या नियमाने चालते. ते माळ पाहत नाही आणि जातगोतही पाहत नाही. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' वादळ कोकणाला झोडपीत वर गेले आणि सौराष्ट्रात शिरले. आपल्या दारावरून गेलेले वादळ कोणाच्या तरी दारात जातेच. तिथेही वैष्णवच राहतात.

मग कृपा ती कोणती? भागवताच्या दशम स्कंधातली गोवर्धनाची कथा आठवा. इंद्राने पाऊस-वारा सोडला, गोकुळ बुडायची वेळ आली. देवाने मेघांना "मथुरेकडे जा" असे सांगितले नाही. पर्वत उचलला आणि म्हणाला, सगळे खाली या. माणसे आली, गाईवासरे आली, गाडे आले. सात दिवस सारे गोकुळ एका छपराखाली राहिले. यात एक गोष्ट ध्यानात धरण्यासारखी आहे. घरे सोडून या, असे देवानेच सांगितले. "माझा कृष्ण मला इथेच राखील" म्हणून कोणी उंबरठ्यावर बसला असता, तर त्याला भक्त म्हणावे की हट्टी? सरकारी माणूस दारात येऊन "चला शाळेत" म्हणतो, आणि घरातला कर्ता "पांडुरंग आहे" म्हणून म्हाताऱ्या आईसह कुडाच्या घरात बसून राहतो, ही श्रद्धा नव्हे. पांडुरंगच तर दारात उभा राहून बोलावत असतो!

ओडिशाचे उदाहरण पाहा. ऑक्टोबर १९९९ च्या महावादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली. ऑक्टोबर २०१३ मध्ये 'फैलिन' आले, तेही भयंकरच. पण या वेळी लाखो लोकांना आधीच हलविले होते, आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. जगन्नाथ तोच, समुद्र तोच. मधल्या वर्षांत माणसांनी निवारे बांधले, सूचना वेळेवर ऐकल्या, शेजाऱ्याला हाताला धरून बाहेर काढले. गोवर्धन उचलला गेला तो असा.

तेव्हा बंधूंनो, पुन्हा अशी रात्र आली तर वादळ दुसऱ्याकडे धाडण्याचे मागणे नको. मागावे ते एवढेच: देवा, वेळेवर उठण्याची बुद्धी दे, शेजारच्या एकट्या म्हातारीला उचलण्याचे बळ हातांत दे आणि भयाने जीभ लुळी पडू नये म्हणून तुझे नाम मुखात राहू दे. हात कामात आणि मुख नामात, हाच त्या रात्रीचा जागर.

आणि जो वाचला त्याच्यासाठी द्वादशी आहे. आपण द्वादशीचे पारणे एकटे सोडीत नाही, चार जणांना पंक्तीला घेतो. ज्याच्या घरावरचे छप्पर शाबूत राहिले, त्याने ज्याचे उडाले त्याला आधी वाढावे, त्याच्या वाडीत चार रोपे नेऊन लावावीत. मगच आपला घास घ्यावा. वाचलेल्याचे पारणे असेच सुटते.

बोला, पुंडलीकवरदा हरि विठ्ठल!