वेगळे काढून ठेवलेले

कर्जत-खालापूरच्या खळ्यांवर भात झोडून झाले की ते सुपाने वारवतात आणि टपोरे दाणे बियाण्यासाठी वेगळे काढून ठेवतात. ‘सीक्रेट’ ह्या इंग्रजी शब्दाचे मूळ शोधताना आम्हाला हेच खळे आठवले. लॅटिनमध्ये ‘चेर्नेरे’ म्हणजे चाळणे. त्यातून आलेल्या ‘सेक्रेतुस’चा मूळ अर्थ ‘वेगळे काढलेले’. लपवलेले हा अर्थ मागाहून चिकटला. ‘सेक्रेटरी’ही त्याच कुळातला: ज्याच्यापाशी विश्वासाने गुपित ठेवावे तो. (आज गृहनिर्माण संस्थेत त्याच्याकडूनच उघड हिशेबाची अपेक्षा असते!)

प्रायश्चित्त संस्कारात कानी पडलेले असेच वेगळे काढलेले असते. ते आम्हा धर्मगुरूंच्या मालकीचे कधीच नसते. ते फोडणाऱ्यास पदच्युत करून आजन्म प्रायश्चित्तासाठी मठात ठेवावे, असा निर्बंध 1215 साली चौथ्या लॅटरन परिषदेने घातला. तेथे दुबळ्याची लाज राखली जाते. 1923 चा शासकीय गुपिते कायदा मात्र सत्तेच्या हाती झाकण देतो. आमच्या तालुक्यातील कोंढाणे धरणाच्या वाढत्या खर्चाचे कागद लोकांपुढे आले, ते 2005 च्या माहिती अधिकार कायद्यामुळे.

पण दुसऱ्यांकडे बोट किती दाखवावे? मागे एका धर्मग्रामात छपराच्या दुरुस्तीचा हिशेब एका वृद्धाने मागितला, तेव्हा ‘ही गोपनीय बाब आहे’ म्हणून आम्ही वही मिटली. आम्ही कोणाची लाज राखत होतो? देणगीदारांची तर नव्हेच. पुढल्या रविवारी मिस्सानंतर ती वही आम्ही दाराशी मेजावर उघडी ठेवली. ती चाळली फार थोड्यांनी. तो वृद्ध मात्र चष्मा घरी विसरला होता. त्याने ती आमच्याकडूनच वाचून घेतली.