माळ राखायचा कोणी?

पुरंदर तालुक्यातल्या एका माळावर वृक्षारोपणाचा कार्यक्रम होता. खड्डे आधीच जेसीबीने खणून ठेवले होते. प्रत्येक खड्ड्याच्या काठावर उपसलेल्या मुरमाचा ढीग, आणि त्या ढिगाखाली दडपलेलं गवत. टिटवी याच मोकळ्या जमिनीवर, गारगोट्यांसारखी दिसणारी अंडी घालते. अशा ढिगाखाली किती घरटी गेली असतील, हे मोजायला कोणी आलं नव्हतं. आमच्यातले एक गृहस्थ, निसर्गावर खरं प्रेम करणारे, लांबवर चाललेल्या मेंढरांकडे बोट दाखवून म्हणाले, "ही माणसं आणि त्यांची जनावरं नसती, तर इथे जंगल असतं. माणूस म्हणजे पृथ्वीला लागलेली कीड आहे." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला मात्र ते वाक्य खुपलं आणि अजून खुपतं आहे.

माणूस निसर्गाचा नाश करतो आहे का, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. करतो आहे. भारतातले शेवटचे म्हणून नोंदले गेलेले तीन चित्ते १९४७ साली कोरिया संस्थानाच्या महाराजांनी गोळी घालून मारले. तापमानवाढ, प्लास्टिक, आटलेल्या नद्या हे सगळं वाचकाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. मला अडतं ते 'माणूस' म्हटलं की सगळे एका दावणीला बांधले जातात तिथे. चित्त्यांवर गोळी झाडणारे महाराज आणि त्यांच्या संस्थानातला लाकूडफाटा गोळा करणारा आदिवासी एकाच गुन्ह्याचे वाटेकरी ठरतात. सगळेच गुन्हेगार ठरले की कोणालाच जाब विचारता येत नाही.

त्या माळाचंच घ्या. हातभर मुरूम, खाली कातळ, पाऊस बेताचा. तिथे कुसळी, पवना, मारवेल वाढतं, मधूनच एखादं हिवराचं किंवा खैराचं झाड असतं. हे जंगल तोडून उरलेलं उजाड रान आहे, अशी आपली पक्की समजूत आहे. अलीकडेच संशोधकांनी जुन्या मराठी वाङ्मयात आणि लोककथांत आलेल्या झाडाझुडपांचा माग काढून दाखवलं की पश्चिम महाराष्ट्राच्या या कोरड्या पट्ट्यात शेकडो वर्षांपूर्वीही असेच गवताळ माळ होते. लांडगा, खोकड, चंडोल, माळढोक ही या उघड्या रानाची प्रजा. इंग्रजांच्या महसूल खात्याला मात्र ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक वाटली. स्वातंत्र्यानंतरही दप्तरातला तो शिक्का राहिला, आणि पडीक जमिनीवर काहीतरी लावलं पाहिजे हे ओघानेच आलं. २०१६ साली राज्याने दोन कोटी झाडांचा संकल्प सोडला आणि २०१९ पर्यंत तो आकडा तेहतीस कोटींवर नेला. ही सगळी झाडं माळांवर लागली नाहीत. पण ज्या टेकड्यांवर गिरीपुष्प दाट लावलं गेलं, तिथे आज त्याच्या सावलीत गवत कसं हरवलं आहे ते जाऊन पाहावं.

म्हणजे त्या दिवशी माळाची मोडतोड आम्ही करत होतो, आणि कीड ठरला होता मेंढपाळ.

त्याच्याविषयी थोडं सांगायलाच हवं. फलटणकडचे धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाच्या वाटेला लागतात आणि पावसाळ्याच्या तोंडी परततात. वाटेत शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढ्या बसवायला सांगतात. संध्याकाळी वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावून कळप कोंडतात. रातभर लेंड्या आणि मूत त्या रानात पडतं, सकाळी वाघर उचलून शेजारच्या पट्ट्यात लावतात. चार-सहा रात्रींत सबंध रान खताने भरून निघतं आणि शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. रासायनिक खतं आली तरी हा व्यवहार टिकला, कारण लेंडीखताचा गुण शेतकऱ्याला पिकात दिसतो. वाघर लावणारी ही माणसं कुठल्या गवताला कधी फुलोरा येतो, कुठल्या ओढ्याला कधीपर्यंत पाणी असतं, हे आपल्यापेक्षा कितीतरी नेमकं सांगतात. त्यांना पुढच्या वर्षी त्याच वाटेने यायचं असतं.

हा मला फार दिवसांपासून महत्त्वाचा वाटणारा फरक आहे: त्याच जागी परत यावं लागणारा माणूस, आणि काम उरकून पुढे जाणारा माणूस. खडी काढणारा कंत्राटदार डोंगर संपला की दुसरा डोंगर धरतो. मेंढपाळाला दुसरा माळ कुठला? नाश करणारा आणि जपणारा यांतली रेघ इथे ओढावी, असं मी मानत आलो.

भरतपूरचा दाखला मला याच कारणासाठी मोलाचा वाटतो. १९८२ साली केवलादेव राष्ट्रीय उद्यान झालं आणि तिथली म्हशींची चराई बंद केली गेली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, त्यात माणसं मेली. सलीम अली चराईबंदीच्या बाजूने होते. पक्ष्यांविषयी त्यांच्याइतकं जाणणारा माणूस या देशात झाला नाही, तरीही या बाबतीत त्यांचा अंदाज चुकला. म्हशी हटल्या आणि पाणथळीत गवत बेसुमार माजलं, उघडं पाणी कमी झालं, पाणपक्ष्यांना जागा उरेना. म्हशींच्या चराईने तलाव मोकळे राहत होते, हे सलीम अलींच्याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून पुढे आलं. माणूस आणि त्याची जनावरं बाहेर काढली की निसर्ग आपोआप बहरतो, या समजुतीची तिथे जिवंत माणसांनी किंमत मोजली.

तरीही ती समजूत टिकून आहे, आणि तिला विद्वत्तेचा आधार देणाऱ्यांत गॅरेट हार्डिन यांचं नाव पुढे घ्यावं लागेल. १९६८ साली त्यांनी 'सायन्स' नियतकालिकात एक निबंध लिहिला. सगळ्यांसाठी खुलं असलेलं एक कुरण त्यांनी कल्पिलं. प्रत्येक गुराखी आपलं एक जनावर वाढवत जातो, कारण फायदा त्याचा एकट्याचा आणि तोटा सगळ्यांत वाटलेला. शेवटी कुरण बेचिराख. मांडणी इतकी सुबक की पन्नास वर्षं ती विद्यापीठांतून शिकवली जाते. पण त्या कुरणावरचे गुराखी एकमेकांशी बोलत नाहीत, भांडत नाहीत, पंचायत भरवत नाहीत. असं गाव हार्डिनना कुठे भेटलं? स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेल गावाचा नियम १५१७ सालचा आहे: हिवाळ्यात ज्याला जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच त्याने उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या. एलिनोर ऑस्ट्रॉम यांनी अशी गावं शोधून त्यांचा आयुष्यभर अभ्यास केला आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हार्डिनचं कुरण कल्पनेत होतं, ट्योर्बेलचं नकाशावर आहे.

इथवर मी खूश होतो. पण माझी रेघ दोन ठिकाणी तुटते, आणि ती ठिकाणं लपवता येत नाहीत.

पहिलं ठिकाण मराठवाड्यातलं उसाचं शेत. शेतकरी रोज त्याच बांधावर येतो, त्याला दुसरी जमीन नाही, तरी बोअर आणखी खोल जाते. शेजाऱ्याने पाणी ओढायच्या आत आपण ओढलं पाहिजे, या धास्तीने तो स्वतःच्याच मुलांच्या वाट्याचं पाणी उपसतो. जमिनीखाली, जिथे कोणी कोणाला बघत नाही, तिथे हार्डिन खरे ठरतात. दुसरं ठिकाण गिधाडांचं. आजारी गाईला डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन देणाऱ्याला गाय जगवायची होती. ती मेली आणि तिचं मांस खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरत गेली, इतकी की काही जातींत शंभरातली दोन-तीनसुद्धा उरली नाहीत. इथे हाव नव्हती आणि पुढे निघून जाणाराही कोणी नव्हता. कारण उमगलं आणि २००६ साली जनावरांसाठीचं ते औषध बंद झालं, तेव्हा कुठे घसरण मंदावली.

तेव्हा परत येणं पुरेसं नाही. थांब म्हणण्याचा अधिकार लागतो, आणि तो वापरण्याची हिंमतही. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, ऊस आणि केळी बंद केली, कुऱ्हाडबंदी केली आणि चराईबंदीसुद्धा. भरतपूरला जी बंदी पोलिसांच्या बंदुकीने आली, तीच नगर जिल्ह्यातल्या या गावाने ग्रामसभेत बसून स्वतःवर घातली. गवत कापून न्यायची मुभा ठेवली, आणि चारा वाढला. चराई चांगली की वाईट, हा माझा वाद त्यामुळे मागे पडतो. कुठल्या जमिनीवर किती आणि कधी, हे जमीन जाणणाऱ्यांनी ठरवलं का, आणि ठरवलेलं मोडणाऱ्याला अडवता येतं का, हे विचारलं पाहिजे. गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली स्वतःचा बांबू विकायचा परवाना. जंगल त्यांच्या ताब्यात गेलं आणि ते टिकून आहे.

पण धनगराचं काय? ग्रामसभेला अधिकार दिला की गाव पहिलं काम बाहेरच्या कळपाला अडवण्याचं करू शकतं. तो वर्षानुवर्षं येत असला तरी त्या गावचा मतदार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. मात्र जो अनुसूचित जमातीत नाही, त्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. ज्याचं जगणंच चालत राहण्यात आहे, त्याने रहिवासाचा दाखला आणायचा कुठून?

म्हणून माळावर झाडं लावायला निघालेल्या प्रत्येक संस्थेला माझी विनंती आहे: खड्डा खणण्याआधी ग्रामसभेचा ठराव घ्या, आणि त्या सभेत त्या वाटेने येणाऱ्या मेंढपाळालाही बसवा. त्याने इथे फक्त गवतच येतं असं सांगितलं, तर रोपं परत घेऊन जा.